बुधवार बंद होणार नाही

माझ्या सासूबाईंना अख्खं हॉस्पिटल वाफमावशी म्हणायचं. सरकारी हॉस्पिटलच्या तळघरात लाँड्री होती, तिथे त्यांनी एकतीस वर्षं काढली. धुण्याची चार मोठी मशीनं, एक पिळायचं, आणि एक लांबलचक तापलेला रोलर. रोलरच्या एका तोंडातून ओली चादर आत जायची आणि दुसऱ्या तोंडातून कडक, सपाट होऊन बाहेर पडायची. सासूबाई त्या दुसऱ्या तोंडाशी उभ्या असायच्या. केस कायम ओलसर, कोपरापर्यंत भाजल्याचे जुने डाग, आणि आवाज असा की मशीनं चालू असताना त्यांनी हाक मारली तर वरच्या मजल्यावरची बाळंतीण दचकून उठावी.

घरातही त्या मशीनं चालू असल्यासारख्याच बोलायच्या. मी नवी सून होते तेव्हा "मीठ कमी पडलंय" ही बातमी शेजारच्या तीन घरांना माझ्याआधी कळायची. मला वाटायचं, निदान देवापुढे तरी बाई हळू बोलत असतील. कसलं काय!

आमचं चर्च रस्त्याच्या तोंडाशीच, टायरच्या दुकानाला खेटून. पाच पायऱ्या, बारा बाक, आणि दोन ठिकाणी तडकलेलं पत्र्याचं छप्पर. दर बुधवारी संध्याकाळी सहाला तिथे प्रार्थनासभा असे. ती कुणी सुरू केली ते कुणालाच आठवत नव्हतं, पण टिकवली होती सासूबाईंनी. कधी सात माणसं यायची, कधी तीन. क्रम ठरलेला होता. आधी देशासाठी, मग आपल्या मंडळीसाठी, म्हणजे चर्चच्या माणसांसाठी. आणि देशासाठी म्हणजे "सर्वांचं भलं कर, आमेन" असं घाऊक नाही. नावानिशी. राष्ट्राचा प्रमुख, मंत्री, न्यायाधीश, नगराध्यक्ष, थेट आमच्या वॉर्डाच्या प्रतिनिधीपर्यंत. कुणाला शहाणपण मागायच्या, कुणाला धीर, कुणाला झोप. एका मंत्र्यासाठी तर त्यांनी, "प्रभो, ह्याला थोडं कमी बोलायला शिकव," असंही मागितलं होतं.

मी एकदा त्यांना विचारलं, "अहो आई, ह्या लोकांसाठी कशाला घसा कोरडा करायचा? त्यांना आपण आहोत हे तरी माहीत आहे का?"

"त्यांच्या हातात आपली मान आहे," त्या म्हणाल्या. "त्यांची मान कुणाच्या हातात आहे, त्याची आठवण कुणी करून द्यायची? मतं एकदा देऊन झाली की माणसं घरी जाऊन झोपतात. मी बुधवारी जाते."

मी मात्र बुधवारी जात नव्हते. मला लाज वाटायची. रविवारची उपासना ठीक, पण तो आवाज आणि ती नावं रस्त्यापर्यंत ऐकू यायची. टायरवाला सहा वाजले की रेडिओ बंद करून म्हणायचा, "चला, बातम्या लागल्या."

त्या वर्षी आमच्या भागात कावीळ आली.

सुरुवातीला कुणी मनावर घेतलं नाही. एखाददुसरं घर पिवळं पडतंच. पण सासूबाईंना लाँड्रीत कळलं. संसर्गाच्या वॉर्डातल्या चादरी लाल पिशव्यांतून वेगळ्या यायच्या. एका खाटेला दिवसाला एक चादर, असा हिशोब. चादरी मोजूनच मशीनमध्ये टाकायच्या, नाहीतर मशीन कुरकुरतं. एरवी कावीळ वॉर्डाच्या आठ-दहा यायच्या. त्या महिन्यात अठरा झाल्या, मग सत्तावीस, आणि एका मंगळवारी अडतीस. त्याच दिवशी नगरपालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी वर्तमानपत्रात सांगितलं होतं, की रुग्ण फक्त सात आहेत, पाणी शुद्ध आहे, अफवांवर विश्वास ठेवू नका.

दुसऱ्या दिवशी बुधवार. प्रार्थनेला पाच माणसं होती. त्यांत मंडळीचे चिटणीसही होते. हे गृहस्थ नगरपालिकेच्या पाणीखात्यात सुपरवायझर. सज्जन, नीटनेटके, खिशाला दोन पेनं. सासूबाईंनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, "प्रभो, आरोग्य अधिकारी म्हणतात सात. माझ्या हातून काल अडतीस चादरी गेल्या. एकतर त्यांना मोजता येत नाही, नाहीतर मला. ज्याचं चुकतंय त्याला तू मोजायला शिकव."

टायरवाल्यानं ऐकलं. टायरवाल्यानं ऐकलं म्हणजे गावानं ऐकलं.

रविवारी उपासनेनंतर सासूबाई चिटणिसांच्या घरी गेल्या. त्यांच्या बायकोची कंबर धरली होती, तिला बघायला. मी सोबत होते. चिटणीस बाजारात गेले होते. बाईंनी कौतुकानं दोन पेले पाणी आणून दिलं. पेला हातात घेतला तर कोमट.

"गरम आहे गं," सासूबाई म्हणाल्या.

"उकळलेलं आहे ना मावशी, निवायला वेळ लागतो. तीन आठवडे झाले, ह्यांनी सांगून ठेवलंय, उकळल्याशिवाय एक थेंब प्यायचा नाही. मी म्हटलं, अहो, गॅस किती जातो! पण हे ऐकतील तर शपथ."

सासूबाईंनी ते पाणी शांतपणे, सगळं प्यायलं. पेला खाली ठेवला. "कंबरेला शेक घे," एवढंच म्हणाल्या. परतताना अख्खा रस्ता त्या एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांच्या बाबतीत ही गोष्ट इतकी अघटित होती की मी दोनदा विचारलं, बरं वाटतंय ना?

त्यांनी ही गोष्ट ना माझ्या नवऱ्याला सांगितली, ना शेजारी. बुधवारी प्रार्थनेत मात्र सांगितली. "प्रभो, आपल्यातच कुणीतरी आहे, त्याला ठाऊक आहे पाण्यात काय आहे. तो स्वतःच्या घरचं पाणी उकळतो आणि इतरांपुढे तोंडातून शब्द काढत नाही. त्याला भीती वाटते. मलाही वाटली असती. त्याची भीती घे आणि त्याची जीभ सोडव." चिटणीस आमेन न म्हणताच बाहेर पडले. हे मला नंतर कळलं, कारण मी तेव्हाही तिथे नव्हते.

शनिवारी चर्चचे पाळकसाहेब घरी आले. तरुण माणूस, आवाज मऊ, मन चांगलं, पण कणा जरा ओला. बराच वेळ हवापाण्याच्या गप्पा झाल्या. मग ते म्हणाले, "मावशी, पंचांनी ठरवलंय, बुधवारची सभा काही दिवस थांबवू या. येतात तरी किती लोक?"

"दोघं-तिघं जमले तरी तो येतो, असं रविवारी तुम्हीच सांगता."

"तसं नाही हो. आपल्या छपराच्या दुरुस्तीची परवानगी नगरपालिकेत अडकली आहे. आणि तुम्ही सभेत साहेबांची नावं घेता. कुणीतरी तक्रार केलीय. मंडळीचा विचार करायला नको का? देशाचं काय, देश बघून घेईल. आपण आपल्या आजाऱ्यांसाठी, आपल्या मुलांच्या परीक्षांसाठी प्रार्थना करू."

"पाळकसाहेब," सासूबाई उठून उभ्या राहिल्या, "देश कावीळ होऊन पडलाय आणि मंडळी ठणठणीत, असं होतं का कधी? एका नळाचं पाणी पितो आपण सगळे. देशासाठी तोंड उघडायचं नसेल, तर मंडळीसाठी कुठल्या तोंडानं मागू? छपरासाठी देवाला गप्प बसवायचं म्हणता? मग ते छप्पर कुणाच्या डोक्यावर घालणार आहात?"

पाळकसाहेबांचा चहा तसाच राहिला. दारापर्यंत जाऊन ते म्हणाले, "किल्ली चिटणिसांकडे आहे, मावशी. माझ्या हातात नाही."

"पायऱ्यांना किल्ली लागत नाही," सासूबाई म्हणाल्या.

पुढच्या बुधवारी चर्चला कुलूप होतं. सासूबाई सहाला पाच कमी असताना घरातून निघाल्या. सत्तावन्न वर्षांची बाई, पण दिवसभर रोलरपुढे उभं राहून पाय इतके सुजलेले की चालताना साठीच्या पुढची वाटायची. त्यांना एकटीला पाठवायला माझं मन धजेना. मी घरातली घडीची खुर्ची काखोटीला मारली आणि मागे गेले. त्या पहिल्या पायरीवर बसल्याही होत्या. खुर्ची बघून म्हणाल्या, "ती तुला आणलीस का? मला दगड चालतो." मग मीही दगडावरच बसले. एक निवृत्त पोस्टमन आला, आणि एक आंधळी म्हातारी, तिच्या नातीचा हात धरून. अशी आमची पहिली सभा. रस्त्यावरून माणसं वळून वळून बघत होती. मी मान खाली घातली ती आमेनपर्यंत वर केली नाही. श्रद्धेनं नव्हे, लाजेनं.

त्याच आठवड्यात शिंपीणबाईंची सून गेली. आमच्यापासून चौथं घर. सात महिन्यांची गरोदर होती. पोटुशीला ही कावीळ गिळूनच टाकते, असं डॉक्टर म्हणाले. आधी मूल गेलं, दोन दिवसांनी ती. तिची चादर सासूबाईंच्या हातून गेली. त्या दिवशी त्या घरी आल्या आणि न जेवता भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या.

पुढच्या बुधवारी शिंपीणबाई पायऱ्यांपाशी आल्या. त्या आमच्या मंडळीतल्या नव्हत्या, कुठल्याच मंडळीतल्या नव्हत्या. बोटाला अजून शिवणाचं टोपण तसंच. सासूबाई आरोग्य अधिकाऱ्यांचं नाव घेऊन, "ह्याला डोळे दे," असं म्हणत होत्या, तेवढ्यात त्या ओरडल्या, "त्याला डोळे कशाला मागता? त्याचे जातील असं मागा! माझी पोर गेली, आणि तुम्ही त्याच्यासाठी हात जोडता?"

मला वाटलं, आता काय बोलणार ह्या?

सासूबाई उठल्या, खाली उतरल्या. "बाई," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच मी त्यांचा आवाज खाली आलेला ऐकला, "माझ्याही तोंडात आधी तेच आलं होतं. तिची चादर हातात होती तेव्हा. पण तो आंधळा झाला तर पाणी कोण बघणार? त्याच्या खुर्चीवर तोच बसलाय. मी त्याला माफ करा म्हणत नाही. त्याला झोप लागू नये म्हणून मागते. तुम्ही आमेन म्हणू नका. नुसत्या बसा."

शिंपीणबाई बसल्या. आमेन म्हणाल्या नाहीत.

तेवढ्यात मोटरसायकल थांबली. पोलिस इन्स्पेक्टर. त्यानं हेल्मेट काढलं आणि कपाळ पुसलं. "इथे साहेबांच्या नावानं शिव्या देतात, अशी तक्रार आहे. कोण देतं?"

"शिव्या द्यायला देवाला कशाला मधे घालू?" सासूबाई म्हणाल्या. "त्या उभ्या उभ्याही देता येतात."

पोस्टमन खोकल्याआड हसला. इन्स्पेक्टरचेही ओठ हलले. "मग काय करता?"

"प्रार्थना. देशासाठी. बसा ना, ऐका. लिहून घ्यायचं असेल तर मी सावकाश बोलते."

तो बसला नाही, पण गेलाही नाही. सासूबाईंनी राहिलेली प्रार्थना पूर्ण केली. चादरी आता सेहेचाळीस झाल्या होत्या, तेही सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "आणि हे इन्स्पेक्टरसाहेब. ह्यांचं नाव मला माहीत नाही, तुला माहीत आहे. ह्यांच्यावर वरून दाब आहे. ह्यांचं पेन खोटं लिहू नये, आणि ह्यांच्या घरच्यांनी पाणी उकळून प्यावं."

इन्स्पेक्टर हळूच म्हणाला, "उकळून?" आणि गाडी सुरू करून गेला.

तक्रारीचं काय झालं माहीत नाही, पण हॉस्पिटलच्या मोठ्या डॉक्टरांनी सासूबाईंना बोलावलं. आकडे बाहेर कसे जातात, असं विचारलं.

"आकडे कुठे, साहेब? चादरी आहेत. न मोजता टाकल्या तर मशीन बंद पडतं."

"तुमची आठ महिन्यांची नोकरी राहिली आहे. गप्प राहिलात तर निरोपाचा कार्यक्रम होईल. नाहीतर..."

"कार्यक्रमात मी गप्पच बसणार होते. भाषण येत नाही मला," सासूबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्यांना लाँड्रीतून काढून शिवणखोलीत बसवलं. फाटक्या उशांना ठिगळं लावायची. एकतीस वर्षं वाफेत उभी राहिलेली बाई, तिला खिडकी नसलेल्या खोलीत स्टुलावर बसवलं. घरी आल्या तेव्हा पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत पाणी दिसलं. माझा नवरा म्हणाला, "आई, आता पुरे. तू तुझं केलंस. आता तुला आकडाही कळणार नाही."

"आकडा कळला नाही तरी देव कळतो ना?" त्यांनी नाक पुसलं. "बुधवार आहे परवा."

त्या बुधवारी सहा वाजता मी बघते तर लाँड्रीतल्या बायका येताहेत. अकराजणी. कामाचे निळे झगे अंगावर तसेच. कुणी आमच्या धर्माच्या, कुणी दुसऱ्या, आणि एक पिळायच्या मशीनवरची उंच बाई तर देवच न मानणारी. त्या बसल्या. सासूबाईंनी देशासाठी सुरुवात केली आणि आकड्यापाशी येऊन थांबल्या, कारण त्यांना माहीत नव्हता. तेव्हा मागून एकीनं म्हटलं, "देवा, सोमवारी एकावन्न." दुसरी म्हणाली, "मंगळवारी चोपन्न." ती उंच बाई घसा साफ करून म्हणाली, "आज अठ्ठावन्न. मी कुणाशी बोलतेय मला माहीत नाही, पण अठ्ठावन्न. आमेन."

मी तेव्हा मान वर केली. ती पुन्हा खाली घातली नाही. माझ्याही तोंडून प्रार्थना निघाली, आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं. काय बोलले ते आठवत नाही. सासूबाई म्हणाल्या, "मीठ कमी होतं, पण ठीक."

चर्चचा दरवाजा अजून बंदच होता. सासूबाई मात्र देशानंतर मंडळीसाठी प्रार्थना करायला कधी चुकल्या नाहीत. पाळकसाहेबांना धैर्य, पंचांना अक्कल, आणि "ज्याच्याकडे किल्ली आहे त्याला रात्रीची झोप" असं मागायच्या. बायका विचारायच्या, ज्यांनी कुलूप घातलं त्यांच्यासाठी? त्या म्हणायच्या, "ते आपलंच घर आहे. घरातली माणसं घाबरली म्हणून घर सोडतात का?"

पुढच्या बुधवारी पायऱ्या पुरल्या नाहीत. माणसं टायरच्या दुकानापर्यंत बसली होती. टायरवाल्यानं जुने टायर आडवे टाकून बसायला दिले. प्रार्थना अर्ध्यावर आली आणि गर्दीच्या कडेला चिटणीस उभे असलेले दिसले. खिशाला आज एकही पेन नव्हतं. ते पुढे आले, सगळ्यात खालच्या पायरीवर गुडघे टेकले.

"प्रभो," ते म्हणाले, "शाळेच्या मागच्या भिंतीलगत पाण्याची मोठी लाईन आणि गटाराची लाईन एकाच खड्ड्यात आहेत. पाण्याची लाईन तिथे फुटली आहे. मी दोनदा लिहून दिलं. तिसऱ्यांदा मला सांगण्यात आलं, लिहू नका, खोदायला मंजुरी नाही, वर उत्तर द्यावं लागेल. मी लिहिणं सोडलं. घरी पाणी उकळायला सांगितलं." मग ते म्हणाले, "शिंपीणबाई इथे आहेत. मी त्यांच्याकडे बघू शकत नाही."

कुणी आमेन म्हणालं नाही. शिंपीणबाई उठल्या, त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, ह्या आता मारतील. त्या म्हणाल्या, "उठा. जागा दाखवा."

तेव्हाच, उजेड असतानाच, सगळी माणसं शाळेच्या भिंतीकडे चालू लागली. चिटणीस पुढे, त्यांच्या बाजूला सासूबाई, सुजल्या पायांनी. इन्स्पेक्टरला कुणी कळवलं कोण जाणे, तोही आला. त्यानं चिटणिसांचं म्हणणं तिथेच लिहून घेतलं आणि स्वतःच्या फोनवरून नगरपालिकेला कळवलं, की दोनशे माणसं भिंतीपाशी उभी आहेत आणि खोदल्याशिवाय हलणार नाहीत. माणसं रात्रभर पाळीपाळीनं उभी राहिली. सकाळी नऊला खोदणारं यंत्र आलं. खड्डा कमरेइतका झाला आणि सगळ्यांनी नाकाला रुमाल लावले. दोन्ही लाईनींचं पाणी एकत्र उकळल्यासारखं बुडबुडत होतं.

दुरुस्तीला चार दिवस लागले. पाण्याचे टँकर आले. तीन आठवड्यांत लाल पिशव्या हलक्या झाल्या.

चिटणिसांना नोकरीतून निलंबित केलं. पाळकसाहेबांनी चर्च उघडलं, आणि बुधवारी स्वतः पहिल्या बाकावर येऊन, सगळ्यांसमोर क्षमा मागितली. सासूबाई म्हणाल्या, "बरं झालं. आता पुढच्या बुधवारी तुम्ही सुरुवात करा." पण पंचांच्या बैठकीत निघालं, की निलंबित माणूस चिटणीस म्हणून शोभत नाही, मंडळीची बदनामी होते. सासूबाई पंच नव्हत्या. तरी दार ढकलून आत गेल्या.

"गप्प होता तेव्हा चिटणीस चालला," त्या म्हणाल्या, "आणि खरं बोलला तर चालत नाही? मग पाटी तरी बदला बाहेरची. चर्च म्हणू नका."

चिटणीस राहिले. छपराची परवानगी मात्र आजतागायत मिळाली नाही. दोन ठिकाणी ताडपत्री बांधली आहे, ती वाऱ्यात फडफडते आणि उपदेशात व्यत्यय आणते. पाळकसाहेब आता आवाज चढवायला शिकले आहेत.

शिंपीणबाई बुधवारी येतात. मंडळीसाठी आमेन म्हणतात, देशासाठी म्हणतात, आरोग्य अधिकाऱ्याच्या नावाला ओठ घट्ट मिटतात. सासूबाईंनी त्यांना त्याबद्दल कधी एका शब्दानं विचारलं नाही.

सासूबाई शिवणखोलीतूनच निवृत्त झाल्या. कार्यक्रम झाला नाही. अकराजणींनी मिळून त्यांना रोलरमधून काढलेली एक कोरी चादर दिली, ती हॉस्पिटलची नव्हती, वर्गणीनं विकत आणलेली होती. त्या ती वापरत नाहीत, म्हणतात घडी मोडवत नाही.

गेल्या महिन्यात बातमी आली, की त्याच आरोग्य अधिकाऱ्याला बढती मिळाली, मोठ्या शहरात. माझा नवरा वर्तमानपत्र आपटत म्हणाला, "बघ आई! एवढ्या वर्षांच्या प्रार्थनेचं हे फळ! तुझ्या देवानं त्याला वर चढवला!"

सासूबाईंनी चष्मा लावला, बातमी शेवटपर्यंत वाचली, आणि म्हणाल्या, "मोठं शहर. म्हणजे पाणी पिणारी माणसंही जास्त. आता ह्याच्यासाठी बुधवार पुरायचा नाही. रोज करावी लागेल."

आणि तिथेच, हातातला पेपर बाजूला न ठेवता, शेजारच्या तीन घरांना ऐकू जाईल अशा आवाजात, त्यांनी सुरुवात केली.